पहिले तीन दिवस हनोईत

वेंगुर्ले

प्रिय मुली,

तू पाठवलेला प्रवासाचा कागद काल दोनदा वाचला. सहा दिवसांत व्हिएतनाममधलं हनोई, सापा, हालाँगचा उपसागर आणि निन्ह बिन्ह. प्रत्येक गावापुढे बसची वेळ, खोलीचं भाडं, बघायच्या जागा. नववीत नकाशे भरून घेतले होते तुझ्याकडून, ते वाया गेले नाहीत हे बघून बरं वाटलं. पण कागद खाली ठेवताना एक गोष्ट खटकली. त्यात तुझी मैत्रीण कुठेच नव्हती. ती कधी दमेल, काय खाईल, तिला नक्की काय बघायचंय, याची एक ओळही नाही. पाठीवर पिशवी टाकून दोघी पहिल्यांदा परदेशी निघालात. म्हणून देशाबद्दल थोडं आणि तुम्हा दोघींबद्दल जास्त लिहिते.

आधी माझं सांगते. २०१८च्या डिसेंबरात मी आणि शाळेतली माझी एक सहकारी, अशा दोघीच हनोईला गेलो होतो. वीस वर्षांची मैत्री. एका बाकावर बसून पेपर तपासलेले, एकमेकींच्या घरची बाळंतपणं आणि आजारपणं काढलेली. दुसऱ्या दिवशी मी तिला सकाळी सातला बाहेर काढलं. मला साहित्यमंदिर बघायचं होतं. वान मिऊ म्हणतात त्याला. १०७० साली बांधलेलं, आणि आत दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख, जुन्या राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरलेले. शिक्षकाच्या जातीला याहून मोठं तीर्थ कुठलं? मी एकेका कासवापुढे उभी, आणि ती माझ्यामागे गप्प. दुपारी एका टपरीवर वाफाळत्या सूपाचे वाडगे समोर आले आणि तिनं वाडगा बाजूला सारला. मार्गशीर्ष चालू होता. ती महिनाभर मासे-मटण खात नसे, हे मला वीस वर्षं ठाऊक होतं. त्या क्षणी मात्र मी म्हणाले, "अगो, इथे कोण बघतंय?"

ती काही बोलली नाही. उठली आणि चालायला लागली. नव्या बुटांनी तिच्या टाचा सोलून निघाल्या होत्या, हे मला तिच्या चालण्यावरून तेव्हा कळलं. सकाळपासून ती तशीच चालत होती आणि आदल्या दिवसापासून तिच्या पोटात भाजी-भाकरीसारखं काही गेलं नव्हतं. पुढचे दीड दिवस आम्ही एका खोलीत राहून परक्यासारख्या वागलो. ते दीड दिवस मला अजून बोचतात.

त्यातून बाहेर काढलं ते आमच्या मुक्कामाच्या जागेच्या मालकिणीनं. तिला इंग्रजी बेताचंच येत होतं. मैत्रिणीनं खुणेनं मांस-मासे नको असं सांगितलं, तशी ती हसून म्हणाली, "आन चाय!" आन म्हणजे खाणं आणि चाय म्हणजे शाकाहारी. तिथले कितीतरी बौद्ध लोक चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, त्यामुळे व्रत काय असतं हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं गल्लीतलं चाय जेवण देणारं दुकान दाखवलं. तिथे टोफू, अळंबी आणि भाताच्या शेवया खाताना माझी मैत्रीण म्हणाली, "ह्ये तर आमचे शिरवाळेच." आणि मग आम्ही दोघी बोललो. आधी शिरवाळ्यांवर, मग बाकी सगळं.

म्हणून माझं पहिलं मागणं: सापा काढून टाक. हनोईपासून बसनं पाच-सहा तास जायला, तेवढेच यायला, आणि डिसेंबरात तिथे धुकं एवढं असतं की भाताची खाचरं दिसतीलच याचा भरवसा नाही. त्याऐवजी पहिल्या तीन रात्री हनोईत, एकाच खोलीत. नंतर निन्ह बिन्ह. ते शंभरेक किलोमीटरवर आहे, आगगाडीनं दोन-अडीच तासांत पोचता येतं. हालाँग जमलं तर जमलं.

तीन रात्री का, ते तुझ्याच कागदावरून सांगते. कुडाळहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे मुंबई, दिवसभर मावशीकडे, मग मध्यरात्रीचं विमान. म्हणजे हनोईत उतराल तेव्हा सलग दोन रात्री धड झोप झालेली नसेल. घड्याळातला फरक दीडच तासाचा असला, तरी शरीर मोडलेलं असणार. अशा वेळी माणूस ज्या गोष्टींवरून चिडतो त्या एरवी लक्षातही येत नाहीत. एक दिवस आधी निघ, मावशीकडे रात्रभर झोप, मग विमान. आणि पोचल्यावर पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप, संध्याकाळी पायाखालची गल्ली. माझी आजी म्हणायची, "आधी जेवा, मगे भांडा." जेवल्यावर अर्धी भांडणं उरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर होआन कीएम तळ्यावर जा. नावाचा अर्थ ‘परत केलेल्या तलवारीचं तळं’. राजा ले लोईनं जिंकल्यावर आपली तलवार तळ्यातल्या कासवाला परत केली अशी कथा आहे. पहाटे तिथे म्हातारी माणसं व्यायाम करत असतात, बाया पंखे हातात घेऊन तालावर नाचतात. बाकावर तासभर बसलीस की ते शहर कसं चालतं ते समजायला लागतं. मग शेजारच्या जुन्या पेठेत शिर. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांची नावं ‘हांग’नं सुरू होतात, हांग म्हणजे विकायचा माल. हांग बाक चांदीची, हांग मा कागदाच्या वस्तूंची, हांग मुओई मिठाची. मिठाच्या गल्लीत उभी राहून मला शिरोड्याची मिठागरं आठवली, १९३०च्या सत्याग्रहाची. तुलाही आठवतील.

रस्ता ओलांडणं हा तिथला पहिला धडा. गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. ही सवय डोळ्यांना लागायला दोन-तीन दिवस जातातच. स्कूटरींचा लोंढा थांबायची वाट बघशील तर तिथेच उभी राहशील. एका चालीनं, सावकाश, न थांबता आणि न पळता पुढे जायचं, स्कूटरी बाजूनं वळून जातात. मध्येच दचकून मागे फिरणं सगळ्यात वाईट. मोटार किंवा बस येत असेल तर मात्र थांबायचं, त्या वळत नाहीत. मैत्रिणीचा हात धर, आणि दोघींपैकी एकीनंच ‘चल’ म्हणायचं हे आधी ठरवा.

आणि गो, भाड्याची स्कूटर घेऊ नकोस. तुझं लायसन पक्कं आहे, सावंतवाडीचा घाट तू उतरतेस, सगळं मान्य. पण आपल्या आरटीओत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा करारातला असतो आणि व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारातला मानतो. दुकानदार गाडी देईल, विचारणारसुद्धा नाही. अपघात झाला तर मात्र विमा कंपनी हात वर करेल. ग्रॅब म्हणजे तिथली ओला-उबर, तिची मोटार मोबाइलवरून बोलवा, भाडं आधीच दिसतं. आम्ही पहिल्या रात्री विमानतळाबाहेर जो पहिला टॅक्सीवाला भेटला त्याच्या गाडीत बसलो आणि त्यानं वाटेत भाडं दुप्पट केलं. नोई बाई विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे, अंधारात उतरून जाणार कुठे? दिवसा पोचलात तर ८६ नंबरची बस थेट जुन्या पेठेजवळून जाते.

व्हिसाचं बघ. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढायचा, पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’नं संपतो का ते तपास. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट पुष्कळ आहेत आणि त्या जास्त पैसे घेतात. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. तुझ्या मैत्रिणीच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे असं तू म्हणाली होतीस, तर तिचा अर्ज दोघींनी मिळून भरा. उतरायचा विमानतळ अर्जात असतो, तोच खरा धरतात. छापील प्रत दोघींच्या पिशव्यांत हवी, एकीच्याच नको. मुक्कामाच्या ठिकाणी पासपोर्ट मागतील, पोलिसांकडे पाहुण्यांची नोंद करणं त्यांना बंधनकारक आहे. द्यायचा, आणि परत मागून घ्यायचा.

आता पैसे. तिथे सगळे लखपती होतात. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीननं गुणायचं, म्हणजे ढोबळ रुपये कळतात. वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट, दोन्ही निळसर. संध्याकाळच्या उजेडात मी एकदा पाच लाखाची नोट वीस हजाराची समजून पुढे केली, फळवालीनं ती माझ्या हातात परत ठेवली. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव. कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या अॅपमध्ये स्वतः सुरू करावं लागतं, आणि बँकेचा ओटीपी भारतीय नंबरावर येतो, तेव्हा निघण्यापूर्वी त्या सिमचं रोमिंग चालू करून घे. एटीएमनं किंवा दुकानातल्या मशीननं ‘रुपयांत करू का’ असं विचारलं तर नाही म्हण, डोंगातच होऊ दे. रुपयांत करताना ते आपल्या मर्जीचा भाव लावतात.

हे सगळं तू चार दिवसांत शिकशील. अवघड आहे ते पुढचं.

तुला पगार आहे, तुझ्या मैत्रिणीला अजून शिष्यवृत्तीवर भागवायचंय. तू निवडलेल्या खोलीचं भाडं मी बघितलं. ती ‘चालेल’ म्हणाली असेल. ती प्रत्येक वेळी ‘चालेल’ म्हणेल, आणि रात्री अंथरुणात पडून हिशेब करत राहील. आपल्याकडे पैशाचं बोलणं कोतेपणाचं मानतात, विशेषतः मित्रमंडळींत, आणि त्यापायीच मनं तुटतात. तिला विचारायचं, "तुझ्याकडे रोजचे किती आहेत?" तिनं सांगितलेला आकडा हाच दोघींचा आकडा. तू त्याच्यावर जायचं नाहीस, आणि ‘राहू दे, मी देते’ असंही सारखं म्हणायचं नाहीस. रोज कोणी आपले पैसे भरतंय हे घेणाऱ्याला फार जड जातं. शिमग्याला घरटी सारखी वर्गणी काढतात ना, तसं करा. एक बटवा, दर सकाळी दोघींनी त्यात सारखी रक्कम टाकायची, जेवण-बस-खोली त्यातून. संध्याकाळी उरले तर उद्याला. बटवा एक दिवस तिच्याकडे, एक दिवस तुझ्याकडे. मग कोण किती जेवलं याची वही लागत नाही.

दुसरं, रोज दोन-तीन तास वेगळ्या व्हा. तुला चुकल्यासारखं वाटेल, पण करून बघ. तू संग्रहालयात जा, ती तळ्याकाठी बसेल. भेटायची जागा आणि वेळ पक्की, मोबाइल बंद पडला तरी सापडेल अशी. संध्याकाळी भेटाल तेव्हा एकमेकींना सांगायला काहीतरी असेल. आम्ही दोघी तिसऱ्या दिवसानंतर हे केलं. ती चाय दुकानातल्या आजीकडून शेवया कशा पाडतात ते बघून आली, आणि माझी उरलेली कासवं निवांत बघून झाली.

सामानाचं थोडक्यात. बऱ्याच स्वस्त विमानांत हातातलं सामान ७ किलो, ते घरी काट्यावर टाकून बघ. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. नवे बूट आत्ताच घाल आणि मोचेमाडच्या किनाऱ्यापर्यंत रोज चालून ये. स्वेटर घे, तुझ्याकडे नसेल तर माझा ने. हनोईत डिसेंबरात गारठा हाडात शिरतो, आपल्या हवेतल्या माणसाला तो सोसत नाही. थोडी आमसुलं आणि मीठ बरोबर असू दे. माशाच्या सॉसचा वास पहिल्या दिवशी नाकात बसेल, पण तो आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा मिठात मुरवून काढलेला असतो. सुकटीच्या वासात वाढलेल्या मुलीला तो परका वाटायचं कारण नाही. मैत्रिणीच्या खाण्याचं मात्र तिला विचार, माझ्यासारखं गृहीत धरू नकोस.

आईला रोज एका ठरावीक वेळेला फोन कर, इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथले दहा. फोन दोन मिनिटांचा असला तरी चालेल, वेळ चुकवू नकोस. मुक्कामाचे पत्ते आणि हनोईतल्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून तिच्याकडे दे. तिथे पोलिसांचा नंबर ११३ आणि रुग्णवाहिकेचा ११५, हे दोघींनी पाठ करा.

कागद नव्यानं कर, पण या वेळी एकटीनं नको. येत्या रविवारी दोघी घरी या. शिरवाळे करते, नारळाच्या रसातले. मला तुझ्या मैत्रिणीला विचारायचंय की तिला व्हिएतनाममध्ये काय बघायचंय.

तुझ्या
बाई