हजेरीपटावरचं एक नाव

पत्र: मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत सोळा वर्षं शिकवते आहे. आमच्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. चौथीतला एक मुलगा रोज परिपाठ संपल्यावर उगवायचा. मागच्या आठवड्यात सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊच नकोस." नंतर कळलं, आईवडील कारखान्यावर आहेत, तो आजीजवळ राहतो आणि पाणी भरून, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून शाळेत येतो. आता तो वेळेवर येतो, पण माझ्याकडे बघत नाही. एका प्रशिक्षणात रोज कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायला सांगितलं होतं. चार दिवसांत तीही एक नोंदवहीच झाली. मी पूर्वी अशी चिडकी नव्हते हो. काय करू?

उत्तर:

ताई,

पोरगं वेळेवर यायला लागलं म्हणजे आपलं बोलणं लागू पडलं, असं समजून कितीतरी जण पुढच्या धड्याकडे वळले असते. तुम्हाला त्याची नजर खुपली. तिथूनच सुरुवात करू.

बोललात वर्गासमोर, तर माफीही वर्गासमोरच मागा. "मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. शाळेत येऊ नकोस असं मी कुणालाच म्हणायला नको होतं." एवढं पुरे. त्याच्या घरची हकिगत मात्र वर्गात अजिबात काढू नका. पाणी भरतो, बहिणीला सांभाळतो, किती गुणी, असं कौतुकानेसुद्धा नको. दहा वर्षांच्या मुलाला चारचौघांत कीव वाट्याला आलेली रागावण्यापेक्षा जास्त झोंबते. आणि माफी मागितली म्हणून त्याने लगेच हसावं, अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

मला दुसरीच एक काळजी वाटते. तो आता वेळेवर येतो, म्हणजे सकाळचं काहीतरी मागे पडत असणार. पाणी आजी भरते का? की तो उपाशीपोटी निघतो? अंगणवाडीताईंशी बोलून बघा, धाकटीला थोडं लवकर घेता येईल का. तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालू आहे का? स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुलं गावात राहावीत म्हणूनच ती सोय आहे. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, आणि त्याचं नाव यादीत आहे की नाही ते स्वतः बघा. गोड बोलण्याइतकीच ही धावपळसुद्धा माया असते.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणात गेली. मूल शाळेत का येत नाही, याचा जाब त्यांनी मुलाला विचारला नाही, ते कुठे आहे हे जाऊन पाहिलं. आपल्याला सगळी शाळा उचलून नेता येत नाही, हे मला माहीत आहे. पण उशिरा आलेल्या मुलाला "का?" असं दरडावण्याऐवजी "काय झालं रे?" एवढं तर विचारता येतं.

ती कृतज्ञतेची वही बंद करा, मनाला न लावता. तुमच्याकडे आधीच वह्या कमी नाहीत. आभार कागदावर मांडण्यापेक्षा ज्याचे त्याला सांगा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई एखाद्या मुलाला न मागता दुसऱ्यांदा वाढताना दिसल्या, तर त्याच वेळी त्यांना म्हणा, "मी पाहिलं बरं का, त्याला आज भूक होती."

आणि शाळा सुटल्यावर दोन मिनिटं हजेरीपट उघडा. एकेका नावावरून बोट फिरवा. ज्याच्याबद्दल आजचं काहीच आठवत नाही, ना त्याचं एक वाक्य, ना चेहरा, त्याच्याशी उद्या आधी बोला. मी वर्गावर होते तेव्हा हे पहिल्यांदा केलं, त्या दिवशी अकरा नावं निघाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. अकराही मुलं शांत, वेळेवर येणारी होती.

आता तुमच्या चिडण्याबद्दल. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, मतदार यादीचं काम, आणि मध्येच वर्ग. यातून येणारा थकवा खरा आहे, तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही. कृतज्ञ राहायचं म्हणून तो गिळू नका. कुठल्या कामात शिकवण्याचे किती तास गेले ते महिनाभर टिपून ठेवा आणि मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना लेखी द्या. पण त्या थकव्याचा चटका मुलांना बसू नये, हे मात्र आपल्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. बोललेला शब्दही मुलाला लागतो, हे कायद्यालासुद्धा मान्य आहे, म्हणून सांगते.

सोमवारी परिपाठ झाला की पुस्तक उघडण्याआधी ती दोन वाक्यं बोला. मग मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला गाठून विचारा, आज धाकटीला सोडायला कोण गेलं होतं?