स्विफ्ट पळवायची हाय? मग आधी हे ऐक

भावा, कोन फिल्टर (शंकूसारखा एअर फिल्टर) आणि जाड सायलेन्सर पहिलं डोक्यातनं काढ. १,१९७ सीसीच्या, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनात त्यानं आवाज वाढतो, ओढ नाही. मीही तेच करून बसलोय. गगनबावड्याच्या घाटात मागं बसलेली आई म्हणाली, "ट्रॅक्टर घेतलायस काय रे?"

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. सगळ्या सिलिंडरचं रीडिंग जवळपास सारखं पाहिजे. एखादं खाली असेल तर पैसे तिथंच घाल. मग प्लग, क्लच, ब्रेक पॅड, टायर. रीमॅपचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याचा, खरा फरक टर्बो गाडीत पडतो, तुझ्या गाडीत थोडाच.

खरं काम हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात आहे. पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) साफ करणं, व्हॉल्व्ह नीट बसवणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात बसलेली माणसं आहेत, पण "हेड अजून जरा घासूया" म्हणाले की थांबव. हेड घासलं की कॉम्प्रेशन रेशो (हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते) वाढतो, मग साध्या पेट्रोलवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होऊ शकतं, आणि ते दुर्लक्षलंस तर पिस्टन जातो. व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतरही घटतं.

इंजिनच बदलायचं डोक्यात असेल तर आधी आरटीओची परवानगी काढ, विमा कंपनीलाही कळव. आणि रंकाळा तलावावर संध्याकाळी माणसं फिरत असतात, तिथं नाद करू नकोस.