पहिल्यांदा गाडीचे रॅम्प (पुढची चाकं चढवून गाडी उचलून धरणारे उतार) घेताय? मग एवढं बघा

दादा, गाडीचं इंजिन ऑइल स्वतः बदलायचं ठरवलंत, मस्त! पण विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्यावर गाडी अजिबात चढवू नका, ते न सांगता एकदम फुटतात. साध्या हॅचबॅकचंही वजन ९०० किलोच्या आसपास असतं आणि निम्म्याहून जास्त पुढच्या चाकांवर, त्यामुळे लोड रेटिंग (किती वजन पेलतो ते) बघूनच रेडिमेड रॅम्प घ्या, लाकडी नंतर बनवा.

- जागा सपाट हवी. आपल्या सोसायटीतले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात शेवाळलेले असतात, माझा रॅम्प त्यावर सर्रकन पुढे सरकला होता, तेव्हापासून खाली रबर मॅट टाकतोच.
- हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे.
- नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जाऊ नका.

चढवताना बाहेर कोणीतरी उभं ठेवा. गाडी हलवून बघा, मगच खाली शिरा.