हातबॉम्बचे प्रकार काळानुसार कसे बदलत गेले?

सगळ्यात जुने हातबॉम्ब आगीचे. बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याचे) सैनिक ज्वालाग्राही द्रव मातीच्या भांड्यांत भरून फेकत. पुढे चीनमध्ये सोंग राजवटीत बंदुकीची दारू आली. १७व्या शतकात युरोपात वात पेटवून फेकायचे पोकळ लोखंडी गोळे. ते फेकणारे धिप्पाड शिपाई म्हणजे ग्रेनेडियर.

खरा बदल घडवला पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी. १९०८चा ब्रिटिश बॉम्ब आदळला की फुटायचा. फेकण्यासाठी हात मागे नेताना तो खंदकाच्या भिंतीला लागला, तर आपलीच माणसं मरायची! म्हणून १९१५चा मिल्स बॉम्ब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पिन काढली तरी खटका मुठीत दाबून धरलेला असेपर्यंत तो पेटत नसे. जर्मनांचा लाकडी दांड्याचा बॉम्ब लांब जाई, पण त्याचा भर उडणाऱ्या धातूच्या तुकड्यांपेक्षा स्फोटाच्या दाबावर होता.