पुरात बुडालेल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर किती आणि कशी घालावी? (साखळी, गोवा)

आधी गढूळ पाणी उपसा. चिखल क्लोरीन खाऊन टाकतो, मग कितीही पावडर घाला, जंतू मरत नाहीत. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते.

मग माप. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. २ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण १२,५०० लिटर. एरवी १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ३१ ग्रॅम पुरते. पुरानंतर दुप्पट धरा. हा हिशेब ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचा. पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी जवळजवळ निकामी समजा.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडा, वर-खाली हलवा. तळाचा चुना टाकून द्या, नाहीतर पाणी जड होतं. किमान एक तास थांबा; तपासणीत पाण्यातलं क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली आलं तर पुन्हा घाला.

शेजारी सेप्टिक टँक असेल तर एकदा घालून भागत नाही, जांभ्यातून झिरपा चालूच राहतो. रोज तपासा, पिण्याचं पाणी उकळाच.

चिखल काढताना गमबूट हवेत, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) धोका असतो. डॉक्सिसायक्लिन (लेप्टो टाळायला देतात ती अँटिबायोटिक गोळी) आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या. गरोदर बाईला आणि लहान मुलांना परस्पर देऊ नका. नंतर ताप आला तर रक्त तपासा, नुसत्या पॅरासिटामॉलवर राहू नका.