लघुउद्योगाचे वार्षिक उद्दिष्ट कसे ठरवावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : साताऱ्यात आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय असून महिन्याला सुमारे दीड लाखाची विक्री होते. पुढील वर्षी एक कोटीची उलाढाल गाठता येईल का?

उत्तर : एक कोटी हा आकडा कोठून आला, हे आपण लिहिलेले नाही, उद्दिष्ट मात्र आपल्याच वहीतून निघाले पाहिजे. समजा, मसाला किलोला 600 रुपयांनी विकला जातो आणि मिरची, खडा मसाला, कांडप, पॅकिंग व वाहतूक मिळून 450 रुपये खर्च येतो, म्हणजे किलोमागे 150 रुपये उरतात. भाडे, वीजबिल, मदतनिसांचे पगार आणि आपल्या स्वतःच्या कामाचा मोबदला (तो बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग नफा फुगलेला दिसतो) असा ठरावीक खर्च महिन्याला 30,000 रुपये असेल, तर महिन्याला 200 किलो विकल्यावर ना नफा ना तोटा. आज आपण 250 किलो विकता, तेव्हा नफा 7,500 रुपये होतो. विक्री 350 किलोवर गेली आणि ठरावीक खर्च तेवढाच राहिला, तर नफा 22,500 रुपयांवर जातो. विक्री चाळीस टक्क्यांनी वाढते, नफा तिप्पट होतो. एक कोटीसाठी मात्र महिन्याला जवळजवळ 1,400 किलो मसाला लागेल. त्यासाठी वाळवणाची जागा, मसाला भाजणारी माणसे आणि हंगामात वर्षभराची मिरची भरून ठेवण्याइतके भांडवल आज हाताशी आहे का, हे आधी पाहावे. माझ्या मते वर्षअखेरीस 350 किलो, तेही दुकानदारांकडील उधारी न वाढवता, हे पुरेसे मोठे उद्दिष्ट आहे.

प्रश्न : भोसरीत आमचे यंत्रभागांचे छोटे वर्कशॉप आहे. विक्रीचे उद्दिष्ट दोन वर्षे पूर्ण झाले, तरी पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात.

उत्तर : आपले उद्दिष्ट विक्रीपाशीच थांबले आहे, वसुलीपर्यंत गेलेलेच नाही. महिन्याला पाच लाखांची बिले होत असतील आणि पैसे नव्वद दिवसांनी येत असतील, तर पंधरा लाख रुपये कायम ग्राहकांकडे अडकलेले असतात. हा काळ पंचेचाळीस दिवसांवर आणणे, हेच आपले यंदाचे उद्दिष्ट असावे. त्यातून साडेसात लाख मोकळे होतील. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघू किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी) नसेल तर ती आधी करावी. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या ग्राहकाशी पहिल्याच दिवशी तक्रारीची भाषा करू नये, हे मलाही पटते. पण नवीन ऑर्डर स्वीकारताना मुदत लेखी ठरवून घेण्यात संकोच कसला?

प्रश्न : ठाण्यातील आमचे पोळी-भाजी केंद्र वर्षभरात चांगले चालू लागले आहे. दिवाळीपर्यंत दुसरी शाखा काढावी का?

उत्तर : आपण महिनाभर नसताना पहिल्या केंद्राची चव, वेळ आणि हिशेब बिघडत नसेल तर काढावी, एरवी थांबावे. जीएसटी नोंदणीची मर्यादा ठरवताना एकाच पॅनवरील दोन्ही केंद्रांची उलाढाल एकत्र धरली जाते, तेव्हा दुसऱ्या शाखेचे दर ठरवण्यापूर्वी कर सल्लागाराकडून कराचा खर्च मांडून घ्यावा.