मटमधून मेल का जात नाही?

प्रश्न : एमबीसिंकने आणलेले मेल मटमध्ये (टर्मिनलवर चालणाऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये) दिसतात, पण उत्तर पाठवता येत नाही. असे का होते?

उत्तर : एमबीसिंक हा प्रोग्रॅम सर्व्हरवरील मेल संगणकावरच्या मेलडिरमध्ये (मेल साठवण्याच्या फोल्डरमध्ये) उतरवून दोन्हीकडच्या प्रती जुळवून ठेवतो, मात्र नवा मेल रवाना करणे हे त्याचे कामच नव्हे, त्यासाठी एमएसएमटीपी हा मेल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम बसवून मटच्या सेटिंग फाइलीत ‘सेंडमेल’ या पर्यायापुढे त्याचा पूर्ण पाथ लिहावा. एमएसएमटीपीच्या सेटिंग फाइलीत पासवर्ड असेल, तर तिची परमिशन ६०० (म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी, अन्यथा एमएसएमटीपी ती वाचण्यास चक्क नकार देतो (आणि ते योग्यच आहे). त्याहून बरे म्हणजे ‘पासवर्डइव्हॅल’ हा (कमांड चालवून पासवर्ड मिळवणारा) पर्याय वापरून पासवर्ड जीपीजी या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेल्या फाइलीतून घ्यावा. तरीही मेल अडकला, तर मट बाजूला ठेवून टर्मिनलवरून एमएसएमटीपीलाच ‘डीबग’ पर्यायासह चाचणीचा मेल द्यावा. सर्व्हर नेमका कुठे अडवतो, ते तिथेच दिसते.